तिबेटी पोथी संगणकात उतरते तेव्हा

मुळाक्षर

नमस्कार.

बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाच्या 'प्रमाणसमुच्चया'चे संपूर्ण संस्कृत मूळ आज स्वतंत्र ग्रंथ म्हणून आपल्या हाती नाही. त्याची दोन तिबेटी भाषांतरे मात्र टिकून आहेत. न्यायशास्त्राच्या ओढीने मी तीन वर्षांपूर्वी पुण्यात तिबेटी शिकू लागलो, तो या कारणाने. मागच्या महिन्यात एका टीकेमध्ये, म्हणजे भाष्यग्रंथात, 'प्रमाण' (यथार्थ ज्ञानाचे साधन) या शब्दाचा तिबेटी प्रतिशब्द कोठे कोठे येतो, हे मला पाहायचे होते. टीकेची टंकित संहिता उघडली, शब्द शोधचौकटीत घातला आणि निकाल पाहून चक्रावलो. छापील प्रतीत पेन्सिलीने खुणा केलेल्या कितीतरी जागा त्या निकालांत नव्हत्याच. संहिता बरोबर होती आणि शब्दही बरोबर होता. मग घोटाळा कोठे झाला, याचा माग काढताना तिबेटी भाषा संगणकात कशी आली, याचा बराच इतिहास वाचनात आला. त्यातले थोडे येथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी आणि चुका दाखवाव्यात.

आधी लिपीबद्दल. तिबेटी लिपी सातव्या शतकात थोन्मी संभोट याने भारतीय लिपीच्या आधारे घडवली, अशी परंपरा आहे. मुळाक्षरे तीस आणि स्वरचिन्हे चार. क, ख, ग, ङ असा क्रम सुरू झाला की आपल्याला घरी आल्यासारखे वाटते. मात्र घ, झ, ध, भ नाहीत आणि मूर्धन्य अक्षरेही नाहीत. संस्कृत मंत्र लिहिताना ट, ठ, ड, ण यांची गरज पडली, तेव्हा तिबेटी पंडितांनी त, थ, द, न ही अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी केली, आणि 'घ'साठी 'ग'च्या खाली 'ह' जोडला. मराठी माणसाला आणखी एक गंमत जाणवते. आपण 'चाक' आणि 'चक्र' यांतले 'च' वेगळे उच्चारतो, पण लिहितो एकाच अक्षराने. तिबेटीत या दोन 'च'ना दोन स्वतंत्र अक्षरे आहेत, आणि संस्कृत 'चक्र' लिहिताना त्यांनी आपल्या 'चाक'मधला 'च' घेतला!

आता संगणकाला जड जाणारा भाग. तिबेटीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. प्रत्येक अवयवानंतर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरगटानंतर, 'त्सेक' नावाचा एक ठिपका येतो आणि वाक्य किंवा वाक्यखंड संपला की 'शे' नावाचा दंड येतो. म्हणजे अवयव कोठे संपतो ते दिसते, पण शब्द कोठे संपतो ते वाचणाऱ्याने ओळखायचे असते. शिवाय एका अवयवाच्या आत अक्षरांची उतरंड असते. 'साधणे' या अर्थाच्या क्रियापदाचे भूतकाळी रूप पाहा: आधी ब, मग स, त्या 'स'च्या खाली ग, 'ग'च्या खाली र, त्याच्याही खाली उकार, पुढे पुन्हा ब आणि शेवटी स. सात चिन्हे लिहायची आणि ल्हासाचा माणूस उच्चार करणार जेमतेम 'डुब'. या सातांपैकी मूळ अक्षर 'ग' आहे, म्हणून शब्दकोशात हा शब्द 'ब'मध्ये सापडत नाही, 'ग'मध्ये सापडतो. संगणकाला सरळ अकारविल्हे लावायला सांगितले, तर तो पहिले चिन्ह 'ब' आहे एवढेच पाहणार. प्रत्येक अवयवात मूळ अक्षर कोणते हे आधी ओळखायचे आणि मगच क्रम लावायचा, हा नियम त्याला निराळा शिकवावा लागतो.

माझ्या शोधाचे काय झाले, ते आता सांगता येईल. 'प्रमाण'साठी तिबेटी शब्द दोन अवयवांचा आहे. उच्चार साधारण 'त्सेमा', लेखन 'त्सद' आणि 'म'. मी तो शेवटच्या ठिपक्यासकट शोधत होतो. पण तिबेटीतले काही विभक्तिप्रत्यय आधीच्या अवयवाला ठिपक्याविना चिकटतात. 'प्रमाणाचा' म्हणायचे असेल तर 'म'चा 'मइ' होतो आणि 'प्रमाण म्हणून' अशा अर्थाने 'मर' होतो. ही सगळी रूपे माझ्या जाळ्यातून निसटली. शेवटचा ठिपका काढून शोधले, तर 'म'ने सुरू होणारे भलतेच अवयवही आत आले. मराठीत 'घर' शोधताना 'घरात' हवे असते आणि 'घरटे' नको असते, तसाच हा प्रकार, फक्त येथे शब्दांमधल्या मोकळ्या जागेचाही आधार नाही. म्हणून शब्द सुटे करून देणारी साधने तिबेटीसाठी मुद्दाम लिहावी लागली. 'बोटोक' हे त्यांपैकी मोफत मिळणारे एक. ते कोशाच्या आधाराने शब्द तोडते आणि चिकटलेले प्रत्ययही वेगळे काढते.

हे सारे करण्यासाठी आधी अक्षरे संगणकात एकाच पद्धतीने साठवलेली असावी लागतात, आणि त्याचीच कथा मोठी आहे. त्याबद्दल कोणी लिहील काय?

जोडाक्षर

उत्तम विषय. युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे संगणकात एकाच पद्धतीने साठवण्याच्या सामायिक मानकाच्या, बाजूने मी थोडी भर घालतो.

तिबेटी लिपी युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत होती, १.१ या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली आणि १९९६ साली २.० या आवृत्तीत नव्या रचनेने परत आली. कारण समजून घेण्यासारखे आहे. पहिली रचना देवनागरीच्या वळणाची होती: व्यंजन, मग हलन्त, मग पुढचे व्यंजन, आणि यातून जोडाक्षर तयार व्हावे. पण तिबेटी पोथ्यांत संस्कृत शब्द लिहिताना हलन्ताचे चिन्ह खरोखरच दाखवायचे असते. त्याचे तिबेटी नाव 'सोग-मे', म्हणजे शब्दशः 'निष्प्राण'. आता हलन्त दिसायला हवा की तो जोडाक्षरात विरघळायला हवा, हे त्या रचनेत नीट सांगताच येत नव्हते. म्हणून नव्या रचनेत प्रत्येक व्यंजन दोनदा दिले गेले: एक वर उभे राहणारे आणि दुसरे खाली लटकणारे. उतरंड कोठे सुरू होते आणि कोठे संपते, याविषयी मग शंका उरत नाही.

मुळाक्षर यांच्या उदाहरणात आणखी एक मजा आहे. व्याकरणाच्या दृष्टीने त्या अवयवात 'ग' हा राजा आहे, पण युनिकोडमध्ये तो 'स'च्या खाली लटकलेला म्हणून साठवला जातो. व्याकरणाने वर बसवलेला आणि संगणकाने खाली बसवलेला, असा दुहेरी संसार सांभाळूनच पुढचे सगळे सॉफ्टवेअर लिहावे लागते.

यावर २००२ च्या अखेरीस मोठा वाद झाला. संपूर्ण उतरंडीलाच एक अक्षर मानून अशी नऊशेहून अधिक तयार जोडाक्षरे स्वतंत्रपणे नोंदवावीत, असा प्रस्ताव चीनने मांडला. त्यामागची अडचण खोटी नव्हती. त्या काळच्या बहुतेक संगणकांना अक्षराखाली अक्षर रचता येत नव्हते. तयार जोडाक्षर असेल तर काम चटकन झाले असते. परंतु तो स्वीकारला असता, तर एकच शब्द दोन वेगळ्या तऱ्हांनी साठवला गेला असता आणि एका तऱ्हेने शोधणाऱ्याला दुसऱ्या तऱ्हेचा शब्द कधीच सापडला नसता. प्रस्ताव मान्य झाला नाही, आणि माझ्या मते ते फार बरे झाले. पुढे चीनने आपल्या राष्ट्रीय मानकांत तशी तयार जोडाक्षरे घेतलीच, पण युनिकोडचा सामायिक भाग त्यापासून मोकळा राहिला.

ज्यांना हे फार लांबचे वाटते, त्यांनी 'दुसऱ्या' या शब्दातला चंद्रकोरीसारखा 'र' आठवावा. तो आजही दोन प्रकारे टंकला जातो, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात आणि शोधताना एकाला दुसरा सापडत नाही. आपल्याकडे एका अक्षराने एवढा त्रास दिला. तिबेटीत तो नऊशे ठिकाणी झाला असता.

बैलकुप्प्याचा वाटसरू

युनिकोड येण्याआधी काय होते, तेही सांगायला हवे. टंकयंत्राच्या कळांवर बसेल अशी रोमन लेखनपद्धती टरेल वायली या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ साली मांडली. वर-खाली चिन्हे नाहीत, फक्त साधी रोमन अक्षरे. वर दिलेला 'डुब' तिच्यात बी, एस, जी, आर, यू, बी, एस असा लिहिला जातो. उच्चार सोडून द्यायचा आणि स्पेलिंग जपायचे, हे तिचे तत्त्व. संगणकाचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात असण्याचे कारण नव्हते, पण हीच पद्धत पुढे संगणकाला सर्वांत सोयीची ठरली, कारण तिच्यातून मूळ तिबेटी लेखन जवळजवळ काहीही न हरवता परत उभे करता येते.

मी कर्नाटकात नोकरीला असताना बैलकुप्प्याला दोन-तीनदा गेलो आहे. म्हैसूर जिल्ह्यातल्या त्या वसाहतीत सेरा मठ आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे निर्वासित तिबेटी भिक्षूंनी संगणकावर ग्रंथ टंकायला सुरुवात केली. 'एशियन क्लासिक्स इनपुट प्रोजेक्ट' हे त्या उपक्रमाचे नाव. पडद्यावर तिबेटी अक्षर दिसण्याची सोय नसल्यामुळे टंकन रोमन अक्षरांत होई. तयार संहिता फ्लॉपीवर घालून जगभरच्या अभ्यासकांकडे जात. आज आपण माहितीजालावर एका क्षणात जे शोधतो, त्यातले बरेच काही त्या खोल्यांत कोणीतरी बोटाने टंकलेले आहे, हे विसरायला होते.

त्याच मठाच्या परंपरेतले गेशे (ही मठातली विद्वत्तेची पदवी) लोबसांग मोनलाम यांनी पुढे फॉन्ट, कळफलक आणि कोश यांचे काम हाती घेतले. त्यांच्या संस्थेचा महाकोश २०२२ च्या मे महिन्यात प्रकाशित झाला. त्याचे २२३ खंड आहेत.

शंकेखोर

माहिती रंजक आहे, पण एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. पोथ्यांची छायाचित्रे काढता येतात, छायाचित्रातून मजकूर ओळखणारी यंत्रे आहेत आणि भाषांतर करणारीही आहेत. गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२४ च्या जूनपासून तिबेटीही आली. मग ठिपका आणि उतरंड यांवर इतकी शक्ती खर्च करण्याचे प्रयोजन काय? हे सगळे लवकरच आपोआप होणार नाही का?

मुळाक्षर

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे. दोन भागांत उत्तर देतो.

छायाचित्रांचे काम खरोखर अचाट आहे, आणि त्याचे मूळ आपल्या देशात आहे. जीन स्मिथ हे अमेरिकी अभ्यासक १९६८ साली अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या दिल्ली कार्यालयात रुजू झाले. अमेरिकेने भारताला विकलेल्या धान्याचे पैसे रुपयांतच साठत होते, आणि पीएल-४८० या कायद्याखाली त्या रुपयांतून भारतातली पुस्तके अमेरिकी ग्रंथालयांसाठी विकत घेतली जात. आपल्या आजी-आजोबांना हा कायदा लाल गव्हामुळे आठवतो. त्याच गव्हाच्या पैशांचा आधार मिळाल्यामुळे तिबेटी निर्वासितांनी पाठीवरून आणलेल्या पोथ्या भारतात पुन्हा छापल्या गेल्या. स्मिथ यांनी १९९९ साली अमेरिकेत एक केंद्र काढून पोथ्यांचे स्कॅनिंग सुरू केले. आज ते 'बुद्धिस्ट डिजिटल रिसोर्स सेंटर' या नावाने चालते आणि तेथील पानांची संख्या एक कोटीच्या पुढे आहे. स्मिथ २०१० साली वारले.

परंतु पानाचे चित्र म्हणजे मजकूर नव्हे. चित्रात 'त्सेमा' शोधता येत नाही. चित्रातून अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर आधुनिक छापील तिबेटी पुस्तकांवर चांगले चालते. लाकडी ठशांवरून छापलेल्या पोथीवर त्याची परीक्षा होते. पूर्व तिबेटातल्या देर्गे येथील मुद्रणालय १७२९ साली सुरू झाले. तेथील कांग्युर, म्हणजे बुद्धवचनांचा तिबेटी संग्रह, १०३ खंडांचा आहे आणि तो आजही कोरलेल्या फळ्यांवरून छापता येतो. तिबेटी 'प' वरून उघडा असतो आणि 'ब' वरून बंद असतो, एवढाच काय तो दोहोंत फरक. फळी झिजलेली असली किंवा शाई जास्त झाली, की उघडे तोंड भरते आणि 'प'चा 'ब' होतो. 'ङ' आणि 'द' यांचेही तसेच. अवयवांमधला ठिपका तर इतका बारीक असतो की कागदावरचा डाग ठिपका ठरतो आणि खरा ठिपका डाग समजून गाळला जातो. एक ठिपका गेला की दोन अवयव एकमेकांत घुसतात. त्यातून बहुधा अशक्य अवयव तयार होतो आणि तपासनीस कार्यक्रम तो पकडतो. पण 'प'च्या जागी आलेला 'ब' अनेकदा शुद्धच दिसतो, आणि तो फक्त वाचणाऱ्या माणसालाच कळतो. म्हणूनच धरमशालेत आजही जाणकार माणसे चित्र आणि मजकूर शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहतात.

माझ्या शिक्षकांची एक गोष्ट सांगतो. त्यांनी नव्वदीच्या दशकात एका जुन्या फॉन्टमध्ये शेकडो पाने टिपणे टंकली होती. तसल्या फॉन्टमध्ये जेमतेम दोन-अडीचशे घरे असत, म्हणून तिबेटी जोडाक्षरे पाच-सहा फॉन्टांत वाटून टाकलेली असत आणि एका शब्दात दोनदा फॉन्ट बदले. आज ती फाइल उघडली की उद्गारचिन्हे, कंस आणि फ्रेंच टोप्या घातलेली रोमन अक्षरे दिसतात. श्रीलिपीतली जुनी मराठी पत्रके ज्यांनी उघडून पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य परिचित असेल. आम्ही ती टिपणे रूपांतरित केली, पण एका फॉन्टचे नाव फाइलमधून पुसले गेल्यामुळे त्यातली सगळी जोडाक्षरे भलतीच झाली, आणि सरांनी तीन महिने बसून ती हाताने दुरुस्त केली.

अर्जुनी मोरगाव

येथे बहुतेक सगळे पोथ्यांबद्दल बोलत आहेत, म्हणून रोजच्या वापराबद्दल थोडे लिहितो. आमच्या तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. महाराष्ट्रातली ही वसाहत १९७२ सालची. तेथील एका कुटुंबाशी आमचा दोन पिढ्यांचा घरोबा आहे. घरातल्या आजीबाई वाकड्या वळणाचे हस्ताक्षर सहज वाचतात, ते 'उमे'. पोथीतले ठळक अक्षर ते 'उचेन'. नातवाच्या फोनवर तिबेटी कळफलक आहे, पण तो मित्रांना निरोप पाठवतो तो रोमन लिपीत, आणि तोही वायलीच्या पद्धतीने नव्हे, तर कानाला ऐकू येईल तसा. आपली मुले मराठी निरोप रोमनमध्ये पाठवतात, अगदी तसाच. आजीबाई लिहितच नाहीत. त्या आवाजी निरोप पाठवतात.

कळफलक असूनही तो वापरत का नाही, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "काका, स्पेलिंग चुकले तर मोठी माणसे हसतात." उच्चार 'डुब' आणि लेखन सात चिन्हांचे असेल, तर दुसरे काय होणार?

जोडाक्षर

अर्जुनी मोरगाव यांनी फार मोलाचा मुद्दा मांडला. आयफोनवर तिबेटी कळफलक २०१० सालापासून आहे आणि विंडोजमध्ये तिबेटी फॉन्ट व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून येतो. भूतानने तर झोंखा भाषेसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती २००६ साली काढली; झोंखाही याच लिपीत लिहितात. अडचण यंत्राची राहिलेली नाही. तिबेटी लेखन हजार वर्षांपूर्वीचा उच्चार जपून आहे आणि बोली पुढे निघून गेल्या आहेत. ल्हासा, खाम आणि आम्दो या तिबेटी प्रदेशांतली माणसे एकच अवयव वेगवेगळा उच्चारतात. लडाखी आणि बाल्टी बोलींत मात्र लिहिलेली पुष्कळ जोडव्यंजने अजून ऐकू येतात. आवाजावरून लेखन करणारे यंत्र घडवायचे, तर कोणाचा आवाज प्रमाण धरायचा, हा प्रश्न पहिल्याच पायरीवर उभा राहतो.

संहिता

मी संस्कृतची अभ्यासक आहे, तिबेटी जुजबी येते. शंकेखोर यांच्या प्रश्नातला भाषांतराचा भाग राहिला आहे, म्हणून लिहिते.

तिबेटी भाषांतरकारांनी नवव्या शतकाच्या आरंभीच पारिभाषिक शब्द ठरवून टाकले होते. 'महाव्युत्पत्ती' हा त्या वेळी तयार झालेला संस्कृत-तिबेटी कोश साडेनऊ हजारांच्या आसपास नोंदींचा आहे. एका संस्कृत शब्दाला शक्यतो एकच तिबेटी शब्द, ही शिस्त त्यांनी इतकी पाळली की तिबेटी वाक्यावरून मागे जाऊन हरवलेल्या संस्कृत वाक्याचा अंदाज बांधता येतो. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणारे वा. वि. गोखले आयुष्यभर अशाच ग्रंथांवर काम करत होते, तेही कार्डे आणि पेन्सिल यांच्या बळावर. ही शिस्त यंत्रालाही उपयोगी पडते, कारण संस्कृत आणि तिबेटी वाक्ये समोरासमोर ठेवली की शब्दांच्या जोड्या स्वच्छ जुळतात.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. डिजिटल स्वरूपात असलेली बरीचशी शुद्ध तिबेटी धर्मग्रंथांतली आहे. त्यावर वाढलेल्या यंत्राला बोधिसत्त्वाच्या दहा भूमींची नावे पाठ असतात आणि रेशन कार्डाचा अर्ज समोर आला की ते अडखळते. आणि ग्रंथांच्या बाबतीतही घाई नको. तिबेटी बौद्ध ग्रंथसंग्रहाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या '८४०००' या प्रकल्पाची कल्पना २००९ साली हिमाचलातल्या बीर येथे भरलेल्या भाषांतरकारांच्या परिषदेत पुढे आली आणि २०१० साली काम सुरू झाले. कांग्युर आणि तेंग्युर (टीका व शास्त्रग्रंथांचा संग्रह) मिळून सुमारे २,३१,८०० पाने होतात. त्यांनी कांग्युरसाठी २५ वर्षांची आणि एकूण कामासाठी शंभर वर्षांची मुदत ठरवली. यंत्राने ती कमी होईलही, पण 'प'चा 'ब' झालेल्या संहितेवरून केलेले भाषांतर वाचायला मला तरी आवडणार नाही.

शंकेखोर

संहिताताई, मुळाक्षर, दोघांचेही आभार. माझा 'आपोआप' हा शब्द मी मागे घेतो, निदान ठशांच्या पोथ्यांपुरता. एक व्यावहारिक शंका मात्र राहिली. मुळाक्षर यांचा मूळ शोध शेवटी लागला का? कारण धागा त्यावरूनच सुरू झाला होता.

मुळाक्षर

लागला, पण दोन टप्प्यांत. आधी संपूर्ण टीका बोटोकमधून शब्द तोडून घेतली आणि प्रत्यय वेगळे काढून शोधले. 'मइ' आणि 'मर' ही दोन्ही रूपे त्यात आली, आणि पेन्सिलीच्या खुणा असलेल्या बहुतेक सगळ्या जागा मिळाल्या. तीन जागा तरीही मिळेनात. त्या पानांची स्कॅन केलेली चित्रे उघडून पाहिली, तेव्हा दोन ठिकाणी टंकणाऱ्याकडून 'त्सद' आणि 'म' यांच्यामधला ठिपका राहिलेला दिसला. त्या दुरुस्त्या मी कळवल्या आहेत. तिसऱ्या ठिकाणी चूक माझी होती. खूण मी शेजारच्या ओळीवर केली होती.